बर्फ खायचा असतो

पंधरा-वीस दिवस मी माझ्या बायकोला रोज दुपारी चार वाजता थोडं थोडं मारत होतो, आणि ती चमचा चाटत म्हणत होती, "आज लई झ्याक जमलंय." असं तोंडावर सांगितलं की माणसं दचकतात. दचकू द्या. मी दचकलो त्याच्या मानानं ते काहीच नाही.

माझं तेरमध्ये मोटार वायंडिंगचं दुकान आहे. बोअरमधल्या, विहिरीतल्या मोटारी जळाल्या की माझ्याकडं येतात. जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. चाळीस वर्षं हेच करतोय. गिऱ्हाइकं म्हणतात, मिस्त्रीचा हात गोड, तोंड कडू. म्हणू द्यात की. बोअरला पाणी नाही हे माहीत असताना रात्रभर मोटार कोरडी पळवायची आणि सकाळी मलाच येऊन विचारायचं, "मिस्त्री, अशी कशी जळली ओ?" असल्या माणसाशी मला गोडीनं बोलता येत नाही.

बायको अणदूरकडची. बोलण्यात मधेच कानडी शब्द येतो, रागात जास्तच येतो. तिला बीपी होतं. गोळ्या चालू होत्या, पण बरं वाटलं की ती बंद करायची. "धडधाकट माणसानं रोज औषध खायचं म्हणजे आजाराला बोलावणं धाडायचं," असं तिचं म्हणणं. मीही कधी अडवलं नाही. मग पाय सुजले, तोंड सुजलं, आणि धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. सकाळच्या बसनं जायचं, चार तास मशीनवर, दुपारच्या बसनं परत. मशीनच्या सुया लावायला डाव्या हाताची शीर जोडून दिली आहे. तिथं बोट ठेवलं की आत गुरगुर लागते, चालू मोटारीवर हात ठेवल्यासारखी.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "यांना लघवी होत नाही. आत गेलेलं पाणी आतच राहतं. दिवसाला अर्धा लिटर, त्याच्या वर नको. जास्त गेलं तर फुप्फुसात साचेल, आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही." एवढं बोलून त्यांनी कागदावर लिहून दिलं : पाणी पिणे, अर्धा लिटर. फळांचा रस पिणे बंद. नारळपाणी बंद.

मापाचं काम माझ्या हातात आलं म्हणजे मग बघायलाच नको. मी घरातला एक स्टीलचा तांब्या घेतला, दुकानातल्या मापानं त्यात अर्धा लिटर पाणी ओतलं आणि जिथंवर आलं तिथं आतून लाल वार्निशनं रेघ ओढली. सकाळी रेघेपर्यंत भरायचा, झाकण ठेवायचं, दिवसभर तिनं त्यातलंच घ्यायचं. चहा केला की तेवढं पाणी त्यातून काढायचं. वरण घट्ट. ताक बंद. शेजारणीनं एकदा भेटायला बोलावून तिला कपभर चहा पाजला, तर मी त्यांच्या दारात जाऊन असा ओरडलो की त्या बाईनं दोन महिने आमच्या घराकडं बघितलं नाही. गल्लीतली पोरं मला पाणीवाला पोलीस म्हणायला लागली. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं. एका थेंबाची चूक नव्हती माझी.

तहान म्हणजे काय असते ते मी तिच्यात बघितलं. एप्रिल लागला, पत्रे तापायला लागले, आणि ती माठाजवळ जाऊन बसायला लागली. पाणी घ्यायची नाही. माठाच्या ओल्या अंगावर तळहात टेकवून बसायची, आणि तो हात मग डोळ्यांवर, मानेवर फिरवायची. ओठांच्या सालपटी निघायच्या. बोलताना जीभ टाळूला चिकटून टक् असा आवाज यायचा. मी दुकानातून आलो की उठून आत जायची, जणू चोरी पकडली. आणि माझ्या तोंडातून निघायचं, "माठापाशी काय करतीयास गं?"

मी डायलिसिसच्या सिस्टरला विचारलं. ती बारीक अंगाची, तोंडानं माझ्यासारखीच फटकळ. म्हणाली, "काका, फारच तहान लागली तर लिंबाची फोड चोखू द्या. बर्फाचा एखादा खडा तोंडात धरू द्या." पुढं ती आणखी काहीतरी म्हणाली. ते मी ऐकलं नाही. बस चुकेल म्हणून मी वाकून बायकोच्या चपला शोधत होतो.

लिंबू चालतं, बर्फ चालतो. एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून लेकीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. "अप्पा, याला सॉर्बे म्हणतात. दूध नाही, मलई नाही. नुसता लिंबाचा रस, साखर आणि पाणी, गोठवायचं. पण आईला चालेल का, विचारा हं दवाखान्यात." मी म्हणालो, "विचारलंय. लिंबू चालतं, बर्फ चालतो." खोटं नव्हतं ते. बायकोला साखरेचा आजार नाही, म्हणजे तीही अडचण नव्हती.

लग्न झाल्यापासून मी चुलीपुढं गेलो असेन तो विडी पेटवायला. पण हे काम मला आवडलं. याचं वायंडिंगसारखंच आहे, घाई केली की बिघडतं. साखर पाण्यात विरघळेस्तोवर नुसती गरम करायची, तार येऊ द्यायची नाही. लिंबाची साल किसणीवर अगदी वरवर घासायची. खालचा पांढरा भाग आला की कडू झालंच म्हणून समजा. गरम पाकात ती साल टाकायची, झाकायची, गार झालं की फडक्यातून गाळायचं, मग रस घालायचा. साखर कमी पडली तर दगड होतो, जास्त पडली तर गोठतच नाही. डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा आणि दर तासाला काढून काट्यानं खरवडायचा, म्हणजे ढेकूळ न होता रवाळ बर्फ होतो. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून दर तासाला घरी यायचो. समोरचा सायकलवाला विचारायचा, "मिस्त्री, घरी काय बाळंतपण हाय का?"

पहिल्या दिवशी चार वाजता वाटीत काढून दिला. पांढराशुभ्र, वरून भुरभुरलेले हिरवट सालीचे कण. तिनं वाटी हातात घेतली आणि विचारलं, "काय म्हणायचं ह्याला?"

"सॉर्बे."

"सोरबत?"

"सॉर्बे गं. शहरात दीड-दीडशेला खात्यात."

तिनं चमचा बुडवला, पण तोंडाशी नेला नाही. "अवो, पर हे खायाचं का प्यायाचं?"

"खायाचं. चमचा कशाला दिलाय मग?"

"मंग तांब्यातलं कमी न्हाय न करनार?"

"खान्याचा न् पान्याचा काय संबंध?" मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग खाली मान घालून खायला लागली.

यावर आता कुणी हसेल. अक्कल गहाण ठेवली होती का, असंही विचारेल. पण तुम्हीच सांगा, आपल्यात बर्फ कधी कुणी प्यालाय का? गोळा खातात, कुल्फी खातात. जत्रेत पोर म्हणतं, मला बर्फ खायचाय. पितात ते पाणी, पितात ते ताक. कागदावर लिहिलेलं होतं 'पिणे'. पिण्याचा हिशेब मी चोख ठेवला होता. खाण्याचं माप कुणी सांगितलंच नव्हतं. अख्खी हयात पाण्याच्या मोटारी बांधलेला माणूस मी, पण या एका शब्दापुढं माझी बुद्धी गेली.

तिला वाढताना मी हात आखडता घेत नव्हतो. इतर काहीही वाढलं की ती तिच्या माहेरच्या बोलीत "साकू, साकू" म्हणायची, म्हणजे पुरे. बर्फ वाढताना कधी साकू म्हणाली नाही. एक वाटी, मग दुसरी. चार-पाच दिवसांत अख्खा डबा संपायला लागला. ती माठापाशी बसेनाशी झाली. ओठ सुधारले. एकदा तर भाकरी थापताना गुणगुणत होती. मला वाटलं, जिंकलं बुवा.

मग एका बागायतदाराची मोटार मी अडल्या वेळी दोन तासांत करून दिली, तर त्यानं खूश होऊन मोसंबीचं पोतं घरी टाकलं. लिंबानंतर मोसंबी! फोडी सोलायच्या, बिया काढायच्या, एक बी जरी भरडली गेली तरी रस कडू होतो. काढलेला रस लगेच डब्यात घालायचा, ठेवला तरी कडवटतो. कागदावर 'फळांचा रस पिणे बंद' होतं, ते मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण आपण कुठं रस पाजतोय, असं मी माझ्या मनाला सांगितलं.

आणि इकडं तिच्या अंगावर सगळं दिसत होतं.

हातातल्या बांगड्या मागंपुढं होईनात. मनगटात रुतून बसल्या. मी म्हणालो, उन्हानं अंग चढतंच. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत पावलावर राहायला लागला. मी नव्या चपला आणल्या, एक नंबर मोठ्या. उताणं झोपलं की तिला खोकल्याची ढास लागायची, म्हणून ती भिंतीला उशी लावून बसूनच डोळा लावायला लागली. मी कूलरवर खापर फोडलं. ओलसर वारा छातीत बसतो म्हणून कूलर बंद केला, आणि त्या उकाड्यात आणखी एक वाटी बर्फ तिच्या हातात दिला.

गुरुवारी दवाखान्यात वजन केलं. दोन डायलिसिसच्या मधे दोन किलोच्या आत वाढायला पाहिजे, तिचं साडेचार वाढलं होतं. मागच्या सोमवारचं थोडं पाणीही अंगातून काढायचं राहिलं होतं. सिस्टरनं कमरेवर हात ठेवले.

"काका, पाणी कोण देतंय यांना?"

"मी देतो. मापून. थेंब जास्त न्हाय."

"मग हे आलं कुठून?"

"काटा बघा तुमचा. काटाच खराब असंल."

तिनं स्वतः काट्यावर चढून दाखवलं. काटा बरोबर होता. मी तरी म्हणालोच, सरकारी काम, आज बरोबर तर उद्या चूक. सिस्टरनं माझा नाद सोडला आणि बायकोकडं वळली. "मावशी, तुम्ही सांगा. चोरून काही पिता का? चहा? सरबत? ताक?"

बायकोनं छताकडं बघितलं. "न्हाय बाई. पीत न्हाय मी काय."

मी छाती काढून म्हणालो, "बघा!"

सिस्टरचा आवाज उतरला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "काका, एका वेळी एवढं पाणी ओढता येत नाही. बीपी खाली येतं. आज जमेल तेवढं काढते. पण आता सोमवारपर्यंत तीन दिवसांची सुट्टी आहे, आणि मला या मधल्या रविवारची भीती वाटते." परत येताना बसमध्ये मी सिस्टरवर चिडचिड करत होतो, की ही पोरगी काल शिकून आली आणि मला पाणी मोजायला शिकवते. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचा श्वास मला बसच्या आवाजातही ऐकू येत होता. मी बोलतच राहिलो, कारण बोलायचं थांबलं की तो जास्त ऐकू यायचा.

रविवार आला. सकाळीच मी मोसंबीचा मोठा डबा लावला. अकराला लाइट गेली. साडेबाराला आली, पुन्हा गेली, ती गेलीच. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तीनला मी डबा काढला, तर आत सगळं पिवळं पाणी झालेलं, वर बर्फाची पातळ साय तरंगत होती. मेहनत वाया गेली म्हणून मी लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हटलं, भांड्यात काढून ठेवू, लाइट आली की परत लावू. हाताला लागला तो तिचाच तांब्या. सकाळचं पाणी तिनं संपवलेलं, तांब्या रिकामा होता. त्यात ओतायला लागलो.

रस लाल रेघेपर्यंत आला. डबा अजून अर्धासुद्धा झाला नव्हता.

मी ओततच राहिलो. हात थांबवायचं सुचलं नाही. रेघ बुडाली, गळ्यापर्यंत आला, काठावरून ओट्यावर सांडला, तरी डब्यात उरलाच होता. मोटारीच्या धंद्यात मला शॉक कमी बसले नाहीत, पण असा बसला नव्हता. मी तिथं उभा राहून मागचे दिवस मोजायला लागलो. अरे देवा. अरे मूर्खा. अर्धा लिटर तांब्यातून आणि लिटरभर डब्यातून, रोज, माझ्या हातानं, चमच्यानं.

तेवढ्यात आतून आवाज आला. माणूस खोकतो तसा नव्हता. हुक्का ओढल्यासारखा, बुडबुड्यांचा.

ती खाटेवर पुढं वाकून बसली होती, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून. ओठ निळसर. घामानं लुगडं भिजलेलं. मला बघून काहीतरी बोलायला गेली आणि फक्त "वारं" एवढंच निघालं.

सायकलवाल्यानं त्याच्या मेहुण्याची गाडी आणली. मी सिस्टरला फोन लावला, रविवार असूनही तिनं उचलला. "सिस्टर, बर्फ," मी म्हणालो. "बर्फ दिला मी तिला. डबाभर. रोज." मग ती म्हणाली, "बसवूनच आणा, आडवं करू नका. मी मशीन लावायला निघते." धाराशिवपर्यंतचा तो रस्ता मी आयुष्यात हजार वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो संपता संपेना. ती माझ्या खांद्याला धरून बसली होती आणि एकेक श्वास ओढून आणत होती. दर वेळी मला वाटायचं, हाच शेवटचा. मी जन्मात देवाला शिव्याच जास्त घातल्या, त्या दिवशी मात्र सगळ्या देवांची नावं घेऊन झाली.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला मशीन. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरलंय, आणि मोसंबीनं रक्तात नको ते, पोटॅशियम का काय ते, इतकं वाढवलंय की हृदय कुठल्याही मिनिटाला थांबलं असतं. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर त्यांना मला वेगळंच काही सांगावं लागलं असतं. ते शांतपणे बोलत होते. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो.

संध्याकाळी तिच्या श्वासातला बुडबुडा गेला. चेहऱ्यावर रंग आला. मी स्टूल ओढून बसलो आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तिच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडलो.

"माझं चुकलं गं. मला कळलंच न्हाय. ते पानीच हुतं."

ती हळूच म्हणाली, "ठाव हाय की."

मी मान वर केली. "काय ठाव हाय?"

"बर्फाचं पानी हुतंय, येवडं कळत न्हाय व्हय मला? सिस्टरनं तवाच सांगितलं हुतं, बर्फबी पान्यात धरायचा म्हून. तुमी चपला हुडकत हुता."

मग माझा मूळ स्वभाव उसळून आला. मी उभा राहिलो आणि त्या वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडलो, "मग बोलली का न्हाईस? आं? रोज वाटी पुढं करत हुतीस! मरायचं हुतं व्हय तुला?"

शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा उठून बसले. सिस्टर दारात येऊन थांबली. बायकोनं मास्क जरा बाजूला केला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, दुःखही नव्हतं. लहान पोराला समजावून सांगतात तशी ती मला म्हणाली, "न्हाय हो. प्यायचं हुतं."